दादाच्या पोराला

लेकरा, मंडळीत प्रभूची प्रार्थना सुरू झाली की देवाला बाप म्हणायच्या जागी तुझे ओठ मिटतात, आणि रोजच्या भाकरीपाशी आलं की तू पुन्हा सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळतोस. नाताळला, सुट्टीला तू गावाकडे आलास आणि आपण वारणेपलीकडे कोडोलीला उपासनेला गेलो की मागच्या बाकावरून मी हे बघते. ज्याच्यामुळे ते ओठ मिटतात तो माझा सख्खा भाऊ. म्हणून हे बोलायचा हक्क माझा आणि जबाबदारीही माझीच. तुझा पोरगा आता नववीत गेला. तू कामावरून आलास की तो पुस्तक उचलून आतल्या खोलीत जातो, असं सूनबाई परवा फोनवर म्हणाली. तेवढं ऐकलं आणि ठरवलं, आता सांगून टाकायचं. उभं आयुष्य मी मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स म्हणून काढलं. तिथे शिकले ते, पवित्र शास्त्रात वाचलं ते आणि आपल्या शिराळ्यात डोळ्यांनी पाहिलं ते, सगळं एकात एक मिसळूनच येईल. तुला लागेल ते घे.

सगळ्यात आधी हे, की ‘बाप’ हा शब्द ओढूनताणून म्हणू नकोस. देवाला त्याचा राग येत नाही. ज्या घरात बापाची चाहूल लागली की पोरं चुलीमागे दडायची, त्या घरातल्या पोराला ‘स्वर्गात तुझा आणखी एक बाप आहे’ असं सांगितलं तर त्याला आधी धाकच वाटणार. शब्बाथ शाळेच्या बाईंना हे उमगत नसे. त्यांचा दोष नाही, त्यांचे वडील भले होते. तू आपला दुसऱ्या दाराने आत ये. शास्त्रात देवाला मेंढपाळ म्हटलंय, खडक म्हटलंय, आश्रय म्हटलंय. यशयाच्या शेवटच्या अध्यायात तर आई लेकराची समजूत घालते तशी मी तुमची घालीन, असं देव स्वतःच म्हणतो. त्यातलं जे नाव तोंडी बसेल ते घेऊन प्रार्थना कर. बाकीचं मागाहून येईल.

रेव्हरंड टिळक याच दाराने आले. नारायण वामन टिळक, जन्म ६ डिसेंबर १८६१, कोकणातल्या करजगावचा. वडील कडक आणि तापट. आई जानकीबाई मायाळू, कवितेची ओढ असलेली. आई गेली तेव्हा टिळक अजून पोरवयातच होते. ती गेल्यावर त्या घरात त्यांचं मन राहिलं नाही. त्यांनी घर सोडलं आणि नाशिक गाठलं. तिथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकले. पुढे बरीच वर्षं गेली, आणि राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. वाचत वाचत ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना पुस्तक खाली ठेववेना. मत्तयाचे पाच ते सात, हे तीन अध्याय तू सावकाश वाच. येशू त्यात पुन्हा पुन्हा एकाच बापाविषयी बोलतो. एकांतातलं पाहणारा, मागायच्या आधी गरज ओळखणारा, भाकर मागितली तर हातात धोंडा न देणारा बाप. आईच्या मागे घरात थांबू न शकलेल्या त्या मुलाला नेमके हेच अध्याय सोडवले नाहीत, याचं मला नवल वाटत नाही. हे माझं वाचन आहे, टिळकांच्या तोंडी मी ते घालत नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि पुढे ख्रिस्तासाठी पदं आणि अभंग रचू लागले तेव्हा त्यांनी त्याला हाक मारली ती आई म्हणून आणि गुरू म्हणून. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या मुलखातला माणूस, त्याला ती वाट पायाखालची होती. ख्रिस्तात त्याला आधी आई भेटली. म्हणून त्याची श्रद्धा अपुरी होती असं कुणी म्हणू नये. तुलाही कुणी म्हणू नये, आणि म्हटलंच तर माझं नाव सांग.

आता अवघड भाग. बापाविषयी खरं बोल, आणि ते देवापुढे बोल. आपल्याकडे माणसं म्हणतात, बाप कसाही असो, बाप तो बाप, असं बोलू नये. आपले ख्रिस्ती लोक त्याला पाचव्या आज्ञेची जोड देतात. पण आज्ञेत मान राख म्हटलंय, खोटं बोल असं कुठेही म्हटलेलं नाही. स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं काढून बघ, त्यातली कितीतरी नुसत्या तक्रारीची आहेत. तेरावं वाच. अठ्ठ्याऐंशीवं वाच, ते तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्याला गोड शेवट नाही, आणि तरीही ते शास्त्रात आहे. सत्ताविसाव्या स्तोत्रात आईबापांनी टाकलं तरी परमेश्वर जवळ घेईल असं दावीद म्हणतो. तो कुणाचा पोरगा ते आठव. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी राजा निवडायला आला तेव्हा बापाने सात पोरं पुढे उभी केली आणि आठव्याला मेंढरांमागे रानातच राहू दिलं. आणखी कुणी आहे का, असं शमुवेलाला विचारावं लागलं. बापाच्या मोजणीत न आलेल्या पोराला देवाने बोलावून घेतलं.

बोलायचं कसं, तेही सांगते. ‘माझा बाप वाईट होता’ एवढ्याने काही होत नाही. ते वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की त्याला धरून रडताही येत नाही. एक वही घे. एका वेळी एकच प्रसंग लिही. तारीख नको, पण जागा, वस्तू, आवाज सगळं लिही. कंदिलाची काच फुटली त्या रात्रीचं लिही. श्रावणातला पाऊस, तू अंगणात उभा, दाराला आतून कडी. वहिनी कडी काढायला उठली आणि तिच्याही पाठीत बसली. तू तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असशील. सकाळी मी आले तेव्हा तुझ्या पायाची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती आणि तू मला म्हणालास, आत्या, काच मीच फोडली. पहिलं वाक्य तेच निघालं तुझ्या तोंडातून. ते लिही. लिहून झालं की मोठ्याने देवाला वाचून दाखव, दार लावून. आणि त्याला विचार की तेव्हा तू कुठे होतास. उत्तर लगेच येत नाही. पण विचारलेलं ऐकून घेणारा कुणी आहे, हे वाचतानाच कळतं. ज्याच्यापुढे चूक नसताना ती कबूल करावी लागत नाही, असा कुणी तुला त्या वयात मिळाला नव्हता.

लिहिताना छाती दाटून आली, घाम फुटला, रात्ररात्र झोप उडाली, तर थांब आणि मनाच्या डॉक्टरला दाखव. मिरजेला आमच्या दवाखान्यात प्रार्थनाही व्हायची आणि औषधही दिलं जायचं. डॉक्टर वानलेसांनी १८९४ मध्ये तो दवाखाना उभा केला तेव्हापासून तीच रीत. एकाने दुसऱ्याची अडवणूक केलेली मी कधी पाहिली नाही. झोपेची गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला, असं सांगणारा भेटला तर त्याचं ऐकू नकोस.

क्षमेची घाई करू नकोस. हे मी मुद्दाम वेगळं सांगते, कारण आपल्या मंडळ्यांत इथेच जास्त चुकतं. प्रवचन संपतं, पुढे या म्हणतात, हात वर करून बापाला क्षमा केली असं बोलून घेतात, आणि माणूस घरी गेला की तिसऱ्या दिवशी तोच राग दुप्पट होऊन येतो. मग त्याला वाटतं आपणच ढोंगी. गळू कापल्यावर आम्ही वरून टाका घालत नसू. आत गॉज भरायचा, रोज काढायचा, धुवायचं, पुन्हा भरायचा, म्हणजे जखम तळापासून भरत वर येते. वरून आधी मिटली तर आत पू धरतो. क्षमेलाही तेवढीच सवड दे. एका प्रसंगाची क्षमा आज झाली तर दुसऱ्याची पुढच्या वर्षी होईल. कंदिलाच्या रात्रीची झाली म्हणून वहिनीच्या पाठीतल्या माराची आपोआप होत नाही. ती तुझी नाहीच, वहिनीची आहे.

आणि क्षमा केली म्हणजे मार खात राहायचं असा अर्थ कधीच कुणाला सांगू नकोस. तू शब्बाथ शाळेत शिकवायला लागणार आहेस असं ऐकलं, म्हणून हे तुझ्या कानावर घालते. एखादं पोर अंगावर वळ घेऊन आलं तर आधी त्याला सुरक्षित ठिकाणी ने. १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, बायकांसाठी १८१. वचन नंतर शिकव. रात्रपाळीला मी अशी पोरं पाहिलीत जी ‘पडलो’ म्हणायची, आणि शेजारी उभा बाप मान डोलवायचा.

आता दादाविषयी. याने त्याचं काही माफ होत नाही, पण तुला ठाऊक असलं पाहिजे. दादा सतराव्या वर्षी मुंबईला गेला. आपल्या भागातल्या घरोघरचे बाप्ये तेव्हा गिरणीत नाहीतर गोदीत, मार्केटात माथाडी. गावाच्या नावाने भाड्याची एक खोली, तीत पाळीपाळीने झोपणारी वीस-पंचवीस माणसं, खानावळीचं जेवण आणि महिन्याला मनीऑर्डर. बायका इथे, लेकरं इथे, बाप जत्रेला आणि नागपंचमीला. शिराळ्याची नागपंचमी जग बघायला यायचं. पण आपल्या आळीतल्या पोरांना त्या दिवशी नागापेक्षा एसटीतून उतरणारा बाप बघायचा असायचा. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं आजवर कुणी जाहीर केलं नाही. कैक जणांना पुन्हा कामावर घेतलंच नाही. दादा ट्रंक घेऊन गावी आला तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. दुसऱ्याच्या रानात रोजाने जायची वेळ आली. ज्याच्या मनीऑर्डरीची गावभर वाट बघायचे तो माणूस आता बायकोकडे विडीला पैसे मागायचा. दारू तिथून सुरू झाली. त्याआधी तो प्यायचा नाही, हे तुला कुणी सांगितलंय का?

वहिनीच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली, मनीऑर्डरीची कुपनं आहेत. फॉर्मच्या तळाला संदेशाला बोटभर जागा असायची. दादा सातवीपर्यंत शिकलेला, अक्षर गिचमीड. बहुतेक कुपनांवर ‘पैसे पोचल्याचे कळव’ एवढंच आहे. पण तीन-चारांवर तुझं आहे. एकावर लिहिलंय, बाळ चालतो का. दुसऱ्यावर, बाळाला देवीची लस टोचली का विचार, नाही टोचली तर दुसरी कसली असेल ती टोच. ‘टोच’ हा शब्द त्याने दोनदा गिरवलाय. बॉलपेनची शाई कागदाच्या मागे उठलीय. पुढच्या खेपेला आलास की वहिनीला सांगून ती पेटी उघड आणि ते कागद हातात घेऊन बघ. ते बघून तुला त्याचा राग आला तर येऊ दे. असा बाप होता आणि मला मिळाला नाही, म्हणून येणारा राग हा आधीच्या रागाहून वेगळा असतो. त्याच्याही पलीकडे रडू असतं. तेही येऊ दे.

बापाचं खरं सांगावं कसं याचा नमुना हवा असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाच. शाळेत धडा असेल तुला, पण पुस्तक सबंध वाच. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फाशी गेले आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय चालायची नाही, बायकोपोरांचा जीव नकोसा व्हायचा. लक्ष्मीबाई त्यातलं काही झाकत नाहीत आणि वडिलांना शिव्याही घालत नाहीत. वेड कुठून आलं ते आधी सांगतात, मग त्या वेडाने घराचं काय केलं ते सांगतात. हाच क्रम तू धर. बापावर काय गुदरलं ते आणि बापाने काय केलं ते, दोन्ही पुरतं सांगायचं. एकाने दुसरं पुसायचं नाही.

त्याच पुस्तकात टिळकांचा तापटपणाही आहे, बाप्तिस्म्याच्या आधीचा आणि नंतरचाही. बापाचा स्वभाव पोरात उतरतो, आणि ख्रिस्ती झाल्यावर एका दिवसात तो निघून जात नाही. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. मुलगा दत्तू तेव्हा लहान होता, तोही बापावाचून राहिला. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. संसार पुन्हा सांधला तरी भांडणं संपली नव्हती. पण हेच टिळक महाराष्ट्रात फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले गेले, आणि त्या दत्तूनेच पुढे आईला आठवणी लिहायला लावलं. टिळक ‘ख्रिस्तायन’ अपुरं ठेवून १९१९ मध्ये गेले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. रागीट बापाच्या पोराचा रागीट संसार, आणि त्यातून हे निघालं. म्हणून तुझा हात पोरावर उगारला गेला त्या दिवशी सगळं संपलं असं समजू नकोस.

देव बाप म्हणून कसा आहे हे दादाकडे बघून ठरवायचं नाही, पण मग कुणाकडे बघून? योहानाच्या चौदाव्या अध्यायात फिलिप्प येशूला नेमकं तेच विचारतो, आम्हाला बाप दाखव. येशू सांगतो, मला पाहिलंस म्हणजे त्याला पाहिलंस. हे मी शब्दशः घेते आणि तूही घे. शुभवर्तमानातला एक एक प्रसंग घेऊन बस आणि प्रत्येकापाशी स्वतःला सांग, माझा स्वर्गातला बाप असा आहे. शिष्य लेकरांना हुसकावतात आणि येशू शिष्यांवर रागावतो. बाप असा आहे. कुष्ठरोग्याला बरं करायला शब्द पुरला असता तरी आधी हात लावतो. बाप असा आहे. पेत्राने तीनदा नाकारलं तरी किनाऱ्यावर आधी मासे भाजून खाऊ घालतो आणि मग बोलायला बसतो. बाप असा आहे. लूकच्या पंधराव्यातला उधळ्या पोराचा दाखला मात्र तुला मी शेवटी वाचायला सांगेन. त्यातला बाप धावत येतो. ज्या पोराच्या दिशेने बाप धावून आला तो मारायलाच, त्याला त्या धावण्यातलं प्रेम दिसायला वेळ लागतो. आधी येशूची ओळख पक्की होऊ दे.

देव बापाची माया पुष्कळदा माणसांच्या हातून पोचवतो. तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता एवढंच शास्त्र सांगतं; विश्वास शिकवला तो लोईस आजीने आणि युनीके आईने, आणि पौल त्याला आपलं लेकरू म्हणायचा. मंडळीत तुझ्याहून वीस वर्षांनी मोठा एखादा माणूस शोध. त्याच्याबरोबर विहिरीची मोटर दुरुस्त कर, बाजाराला जा, गप्पा मार. पण निवडताना डोळे उघडे ठेव. तो बायकोशी चारचौघांत कसा बोलतो आणि घरात कसा, ते बघ. त्याची पोरं त्याच्याजवळ येऊन बसतात का बघ. जो मी तुझा आत्मिक बाप आहे म्हणून लग्न, पैसा, नोकरी सगळं आपल्याला विचारून करायला लावतो, त्याच्यापासून लांब राहा, मग त्याच्या हातात कितीही मोठं बायबल असो. बापाची भूक असलेल्या माणसाला असले लोक दुरून ओळखतात.

आता नववीतल्याचं. त्याच्यावर ओरडलास तर त्याच दिवशी, झोपायच्या आधी, त्याच्याजवळ जाऊन चुकलो म्हण. कारण सांगू नकोस, ‘पण तूही’ म्हणू नकोस. तुझ्या लहानपणाची कहाणी त्याला आत्ता ऐकवू नकोस. त्याने तुझी जखम सांभाळायची नसते. राग चढतोय असं वाटलं तर उंबरा ओलांडून बाहेर जा, तोंड धू, मग आत ये. आणि रविवारी रात्री त्याच्या डोक्यावर हात ठेवून नाव घेऊन आशीर्वाद दे. पहिल्यांदा दोघांनाही लाज वाटेल, चौदा वर्षांचा पोरगा तर डोकं काढून घेईल. तरी सोडू नकोस. एसावाला आठव, म्हाताऱ्या बापापुढे केवढा आक्रोश केला त्याने, मलाही आशीर्वाद द्या म्हणून. आणि यार्देनेत येशूच्या बाप्तिस्म्याला आकाशातून आवाज आला तो कधी? अजून एक चमत्कार नाही, एक प्रवचन नाही, तेव्हा बापाने सांगितलं की तू माझा लाडका आहेस. म्हणून गुणपत्रिका हातात यायच्या आधी पोराला ते सांग. नंतर सांगितलंस तर तो मार्कांशी जोडेल. पौलानेही दोन पत्रांतून बापांना बजावलंय की लेकरांना चिडवू नका, त्यांची उमेद खचते. आपण लेकरांना आज्ञा पाळायचं वचन पाठ करून घेतो आणि त्याच्या पुढचं, बापाचं, वाचतच नाही.

दादा आता पंच्याहत्तरीला आला. ओसरीवर बसतो, कानाने कमी ऐकतो. दारू सुटली ती दुखण्याने, पश्चात्तापाने सुटली असं मी म्हणणार नाही. तो तुझी माफी मागेल याची वाट बघत बसू नकोस. मागितली तर चांगलंच, पण तुझं बरं होणं त्याच्या तोंडावर टांगून ठेवू नकोस. त्याच्यासाठी काय करायचं ते तू ठरव, आणि मनाला झेपेल तेवढंच ठरव. दाढी करून देणं झेपत असेल तर कर. माणसाच्या इतक्या जवळ जाऊन त्याच्या गालावर वस्तरा धरायचा म्हणजे सोपं नाही, तुझ्यासारख्याला तर नाहीच. नाही झेपलं तर न्हाव्याचे पैसे दे आणि इस्लामपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आण. तेवढ्याने आज्ञेचा मान राहतो. नातवाला त्याच्याजवळ बसू दे, पण एकटं नको, तू किंवा सूनबाई समोर असा. म्हातारपणात माणूस मऊ होतो, ते खरं. पण पोरांच्या बाबतीत मी नुसत्या मऊपणावर भरवसा ठेवत नाही.

एक दिवस दादा जाईल आणि मंडळी तुला म्हणेल, थोरला पोरगा आहेस, मातीला चार शब्द बोल. तेव्हा काय बोलायचं याची तयारी आतापासून कर, कारण त्या दिवशी घशाला कोरड पडते आणि माणूस तोंडाला येईल ते बोलतो. ‘आदर्श पिता’ म्हणू नकोस. समोर बसलेल्या वहिनीला ते ऐकवणार नाही, आणि देवालाही खोटं ऐकायची हौस नाही. मार, दारू, तेही तिथे काढू नकोस. ते तू देवाला आधीच सांगितलेलं असेल. खरं आहे ते सांग. सतराव्या वर्षी तो मुंबईला गेला, बारा-तेरा वर्षं दर महिन्याला मनीऑर्डर पाठवली, संपानंतर मोडून पडला. बाळ चालतो का म्हणून त्याने एकदा विचारलं होतं, तेही सांगावंसं वाटलं तर सांग. मग पाळकांना प्रभूची प्रार्थना घ्यायला सांग आणि खाली बस. तू ती म्हटलीस की नाही हे मी बघणार नाही.